बिनकुलपाचं गाठोडं

सकाळी साडेसातला आबांचा फोन आला. "सुजे, पाट सुटला," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. आमचे वडील फोनवर एका वाक्याच्या वर बोलत नाहीत, बाकीचं आपण समजून घ्यायचं. मी पुण्यात, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या काळ्या टाक्या दिसत होत्या आणि नाकाला मात्र पाटाच्या पहिल्या पाण्याचा वास येत होता.

हे पहिलं पाणी दिसायला काही सुंदर नसतं. महिना-दीड महिना कोरड्या पडलेल्या पाटातून ते येतं तेव्हा पुढे तपकिरी फेस असतो, त्यात बाभळीच्या शेंगा, काटक्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी एकच चप्पल. तडकलेल्या मातीत पाणी शिरतं तेव्हा बारीक बुडबुडे येतात आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होतो. मुंग्या, किडे जीव मुठीत घेऊन काठावर चढतात आणि बगळे पाण्याच्या बरोबरीने चालत राहतात, अगदी निवांत. चैत्रातल्या तापल्या धुळीचा, कुजक्या पाल्याचा आणि धरणाच्या गार गाळाचा मिळून एक वास होतो. तो आला की मला भूक लागते. का लागते ते सांगता येणार नाही, पण लागते.

आमचं गाव ओतूर आणि डिंगोऱ्याच्या आसपासचं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कुणी तरी 'आमची बदनामी केली' म्हणून आबांच्या दारात जाऊन उभं राहायचं. उन्हाळ्यात धरणातून कालव्याला पाणी सोडतात, कालव्यातून ते चारीत येतं आणि चारीतून ज्याच्या त्याच्या शेतात. याला आवर्तन म्हणतात. चारी म्हणजे लहान पाट. आमची चारी सगळी मिळून अडीच किलोमीटर. तिच्या तोंडाला पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष अण्णा आणि त्यांची भावकी, आणि शेपटाला आम्ही आठ घरं.

आम्ही शेपटाला का, याचं कारण भूगोलात नाही. गावाने आमच्या माणसांना जुन्या काळी जमीन दिली ती माळावरची, सगळ्यांत लांबची, कुणाला नको असलेली. पुढे छप्पन सालानंतर आमच्या आजोबांनी देव बदलले, घरातली भिंत बदलली, बोलण्यातला सूर बदलला. जमीन होती तिथेच राहिली. मग काही वर्षांनी पाट आला आणि तोही येता येता आमच्याकडे शेवटी आला. सरकारी कागदात नियम उलटा आहे: पाणी आधी शेपटाला द्यायचं, मग वर सरकत तोंडापर्यंत. फार चांगला नियम. आमच्या गावात तो कागदावरच राहिला, कारण पाळ्या संस्थेच्या वहीत लिहायच्या, वही संस्थेच्या कपाटात ठेवायची आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या बंडीत. आमची पाळी कधी, असं विचारलं की पाणी सोडणारा पाटकरी म्हणायचा, "वहीत हाय." आणि वही? "कपाटात हाय." आमच्यापर्यंत पाणी यायचं तेव्हा पाय ओला होईल एवढंच यायचं आणि तेवढ्यात वर चारीचं लोखंडी दार बंद व्हायचं.

माझं काम काय, हे गावात समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतली नाही. लिहिणारे लिहितात, तपासणारे तपासतात, आणि तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात धडपणे पोचावा म्हणून त्याची बांधाबांध करणारी जी माणसं असतात त्यांतली मी. लागणाऱ्या सगळ्या फायली आत आल्या का, नको ती फाईल चुकून आत राहिली का, कितवी आवृत्ती ते बाहेर लिहिलं का. मग ते सगळं एका झिप फाईलमध्ये बांधायचं आणि पाठवून द्यायचं. आबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा विचार करून म्हणाले, "मंजी तू हमाली करती."

"हो, तेच."

"मग ठीक हाय," म्हणाले. "मला वाटलं काय तरी येगळंच करती."

आमच्या कंपनीत या हमालीला फारसा मान नाही. आणि त्यातही झिपला तर नाहीच. एकदा एका नव्या मुलाने माझ्या टेबलापाशी उभं राहून विचारलं होतं, "अजून झिप? आजकाल कोण झिप देतं?" त्याच्या मते प्रोग्रॅम कुठे तरी दूरच्या मोठ्या मशीनवर ठेवायचा आणि लोकांनी तिथे नाव नोंदवून, मोबाईलवर आलेला आकडा टाकून, आत यायचं. मी त्याला म्हटलं, बाळा, जेवण दूरच्या हॉटेलात ठेवून माणसाला रोज दारात नाव विचारायचं, ही तुझी पद्धत. आई शेतावर फडक्यात भाकरी बांधून द्यायची, कांदा, ठेचा आणि मीठ वेगळ्या पुडीत. एकदा गाठोडं हातात आलं की माणसाने बांधावर बसून सोडायचं आणि खायचं. रेंज नसली तरी खाता येतं, आणि देणारा नंतर रुसला तरी दिलेलं परत घेता येत नाही. त्याला ते पटलं नाही. तो अजून तिथेच आहे आणि अजून त्याला पटलेलं नाही.

मी सांगतेय तो उन्हाळा काही वर्षांपूर्वीचा. कंपनीने घरूनच काम करायला सांगितलं होतं, म्हणून मी गावी होते. ओट्यावर लॅपटॉप, पायाशी मैना शेळी, समोर अर्धा एकर भुईमूग. भुईमुगाला फूल येऊन गेलं होतं आणि आऱ्या सुटायची वेळ आली होती. फुलाच्या देठातून जी सुई निघते आणि जमिनीत शिरते, ती आरी. ती जमिनीत शिरली तर शेंग, नाही तर नुसता पाला. आणि जमीन कडक असेल तर ती शिरत नाही, वरच्या वर सुकून जाते. दुपारी बारा वाजता सगळी पानं मिटायची. आबा रोज संध्याकाळी एक रोप बोटाने उचलून खालून बघायचे आणि पुन्हा तसंच ठेवायचे. मला बघवायचं नाही.

आवर्तन दहा दिवसांवर आलं होतं. एका रविवारी मी ओतूरला कालव्याच्या बंद कचेरीपाशी गेले. तिथे बाहेरच्या फलकावर आमच्या चारीच्या सभासदांची यादी लावलेली होती, कुणाची किती गुंठे जमीन आणि कितवं दार. कितीतरी वर्षं ती तिथे उघड्यावर लटकत होती आणि कुणी बघत नव्हतं. मी मोबाईलवर फोटो काढला. घरी येऊन दोन दुपारी बसले आणि एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याला नाव दिलं 'पाणीपाळी'. त्यात सभासदांची यादी घालायची, पाणी कुठल्या दिवशी किती वाजता सुटणार ते लिहायचं आणि बटण दाबायचं. शेपटापासून वरपर्यंत प्रत्येकाची पाळी तो मिनिटावर काढून द्यायचा. यात हुशारीचं काहीच नव्हतं, सातवीच्या त्रैराशिकाचं गणित होतं. फक्त ते अण्णांनी दाबलं तरी तेच उत्तर आणि आबांनी दाबलं तरी तेच.

आता प्रश्न असा की हा प्रोग्रॅम कुठे ठेवायचा. माझ्या लॅपटॉपवर ठेवला असता तर अण्णांच्या वहीच्या जागी माझी वही झाली असती, एवढंच. उद्या कुणी म्हटलं असतं, पोरीने शेपटवाल्यांना झुकतं माप दिलं. तर काय उत्तर होतं माझ्याकडे? म्हणून मी तो बांधला. प्रोग्रॅम, सभासदांची यादी आणि 'आधी वाचा' नावाचा एक कागद, तिन्ही एका झिपमध्ये. इंटरनेट नको, नाव नोंदवणं नको, पासवर्ड नको. मुलांच्या शाळेसाठी घराघरात जुने, अर्धवट चालणारे लॅपटॉप आले होते, त्यांतल्या कुठल्याही डबड्यावर चालेल असा. मग पेन ड्राइव्हवर घालून चारीवरच्या घराघरात फिरले. ओतूरला एसटी स्टँडजवळ रेश्माचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिच्या कॉम्प्युटरवरही एक ठेवली. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही ते तिच्याकडे जाऊन यादी छापून घेतील.

रेश्मा म्हणाली, "ताई, हे असं कुनालाबी वाटायचं? तुमी बनवलं ना?"

"वाटायचंच. दुसऱ्याला द्यायचं असलं तर दे. त्याने तिसऱ्याला दिलं तरी चालेल."

"मग तुमचं काय ऱ्हायलं?"

मी पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि एसटी पकडली.

चारीच्या मधल्या टप्प्यात कोंडीभाऊंचं शेत. पन्नाशीचा माणूस, वारकरी नाही, पुढारी नाही, दिवसभर शेतात आणि संध्याकाळी बैलांशी बोलणारा. मराठा घरातला, पण पाण्याच्या बाबतीत आमच्याइतकाच नाडलेला, कारण तोंडाकडच्यांचं पोट भरल्यावर मधल्यांनाही उरलंसुरलंच मिळायचं. त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर मी झिप दिली होती. त्यांनी ती उत्साहाने उघडली, बटण दाबलं, यादी छापून आणली आणि चष्मा घरी विसरल्यामुळे न वाचताच मारुतीच्या देवळाच्या भिंतीला चिकटवली. आमच्याकडे गावाला काही कळवायचं तर ते तिथेच चिकटवतात.

दुपारपर्यंत सगळ्या गावाने ती वाचली. पहिली पाळी मैनाची, चौतीस मिनिटं. दुसरी सर्जा बैलाची. तिसरी चंद्री म्हशीची. चौथी मोत्याची, आणि मोत्या म्हणजे आमच्या शेजारचा कुत्रा.

कोंडीभाऊ धापा टाकत आमच्या ओट्यावर आले. "सुजाताबाई, आवं माज्या सर्जाला दुसरी पाळी? आन् मला न्हाईच?"

चूक माझी होती. तयार करताना चाचणीसाठी मी आमच्या आणि आसपासच्या गोठ्यांतली नावं घातली होती आणि ती आत तशीच ठेवली होती, खरी यादी सापडली नाही तर ही वापर म्हणून. आणि खरी यादी सापडली नव्हती, कारण कोंडीभाऊंनी झिप नुसती उघडली होती, आतलं बाहेर काढलं नव्हतं. झिप उघडली की आतल्या फायली डोळ्यांना दिसतात, पण त्या अजून गाठोड्यातच असतात. आतल्या आत प्रोग्रॅम चालवला की कॉम्प्युटर तेवढाच उचलतो आणि यादी मागे राहते. आमच्या धंद्यात ही रोजची चूक आहे आणि आमच्या धंद्यातले लोक अशा वेळी हसतात, 'युजर' म्हणून डोळे फिरवतात. मला हसू आलं नाही. ज्याने उघडलं त्याचा काय दोष? त्याला दिसत होतं ते त्याने दाबलं. नको ते आत राहू नये हे बघणं माझं काम, आणि माझ्याच गावाला देताना मी ते केलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. संस्थेच्या कचेरीपुढे लोक जमले आणि अण्णांनी तो कागद भिंतीवरून काढून आणून सगळ्यांसमोर वाचून दाखवला, सावकाश, नाव नाव थांबत. कुत्र्याच्या नावाला लोकांनी पोट धरून हसून घेतलं. "कुत्र्याला पानी पाजायला कॉम्प्युटर लागतो व्हय राव?" अण्णा म्हणाले. "ह्यो प्रकार पुन्याला ठेव पोरी. हितं वही हाय. वही कवा चुकली न्हाई." मी कडेला उभी होते. हसणाऱ्यांत शेपटाकडचेही दोघं होते, आणि ते मला जास्त लागलं.

मग मीही बोलले. "चूक झाली माझी. पण ती दुपारच्या आत सगळ्या गावाला दिसली. वहीतली चूक दाखवा कुणाला दिसलीय ती. काढा वही बाहेर." अण्णांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. वही काही बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी मी गोठ्यातली सगळी जनावरं प्रोग्रॅममधून बाहेर हाकलली. खरी यादी सापडली नाही तर आता तो एक ओळही काढत नव्हता. त्याऐवजी पडदाभर अक्षरांत सांगायचा: आधी गाठोडं सोडा, सगळ्या फायली बाहेर काढा, मग मला हाक मारा. झिपच्या नावापुढे दोनचा आकडा घातला आणि पुन्हा घरोघर फिरले. ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांच्याकडे आधी गेले. कोंडीभाऊंनी या वेळी माझ्यासमोर गाठोडं सोडलं, यादी छापली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "सर्जा न्हाई ह्यात. चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय बगा." चार दिवसांत चारीवरच्या बहुतेक घरांत तो कागद गेला. काहींनी देव्हाऱ्याशेजारी लावला, काहींनी फ्रीजवर. आमच्या आठ घरांत तो विहाराच्या दारावरही होता.

पाणी सुटायला दोन दिवस राहिले तेव्हा अण्णा आमच्याकडे आले. एकटे, पायी. मला आठवतं तेव्हापासून ते आमच्या ओट्यावर कधी बसले नव्हते, रस्त्यावर मोटरसायकल उभी करून तिथूनच बोलायचे. त्या दिवशी बसले. आईने चहा आणला तो आमच्याच कपातून घेतला आणि घोट घोट घेत राहिले. त्यांना गरज होती म्हणून घेतला, हे मला समजत होतं आणि त्यांना समजत होतं की मला समजतंय.

"तुजा प्रोग्रॅम चांगला हाय," ते मला म्हणाले. "संस्था घेतीया त्यो. संस्थेच्या कॉम्प्युटरवर घाल. फकस्त त्याला पासवर्ड घाल आन् त्यो आमच्यापाशी दे. असं गावभर उघडं बरं दिसत न्हाई. आन् घराघरातलं काढून टाकाय सांग." मग ते आबांकडे वळले. "पयली पाळी तुमची. लिवून देतो. परवा सकाळी सहाला पानी तुमच्या भुईमुगात."

मी आबांकडे पाहिलं. ते भुईमुगाकडे पाहत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझा धीर सुटला. पासवर्ड घालायला मला दहा मिनिटंही लागली नसती. दहा मिनिटं, आणि आऱ्या जमिनीत. मी कोण मोठी तत्त्वाची? भुईमूग मी पेरला नव्हता, खुरपला नव्हता. पुण्याला परत जाऊन मी पगार घेणार होते आणि आबा इथे सुकल्या पाल्यासमोर बसणार होते. आबा हो म्हणाले असते तर मी घातला असता पासवर्ड, आणि आयुष्यभर स्वतःवर चिडून राहिले असते.

म्हणून मी एकच गोष्ट विचारली. "अण्णा, पहिली पाळी आमची म्हणजे कुणाची? आठ घरांची?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "तुमची," म्हणाले. "ह्या घराची. बाकीच्यांचं बगू."

आबा उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठतात तसे, सावकाश. "अण्णा," ते म्हणाले, "सात घरं माज्या अंगणातनं जात्यात रोज. त्यास्नी काय सांगू मी?"

"काय सांगायचं त्यात? तुमचं तुमी बगा."

"तेच तर आजवर बगत आलो," आबा म्हणाले. "माजी पोरगी कुलूप घालायची न्हाई. तिला येत आसंल, तरी घालायची न्हाई." आणि ते गोठ्याकडे निघून गेले. आबा माझ्या वतीने एवढं लांब कधीच बोलले नव्हते.

आजही लोक कुलूप मागायला येतात. मध्यंतरी पुण्याचे एक साहेब आले होते, त्यांना पाणीपाळीचं मोबाईल ॲप करायचं होतं. शेतकऱ्याने नंबर नोंदवायचा आणि यादी त्यांच्या मशीनवर. दिसायला फार देखणं होतं. मी विचारलं, तुमचं मशीन बंद पडलं तर पाळी कोण सांगणार? तुम्हीच उद्या दार लावलं तर? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही जुन्या विचारांच्या आहात. असेन. माझी आत्या आंबेगाव तालुक्यात दिली आहे, भीमाशंकरच्या रस्त्याला. त्यांच्या उपसा योजनेवर हीच झिप चालते, त्यांनी दारांऐवजी मोटारीचे तास घातले. मला न विचारता घातले. माझं नावही तिथल्या लोकांना माहीत नव्हतं. आत्याने कौतुकाने दाखवलं तेव्हा कळलं. रेश्माने विचारलं होतं ना, तुमचं काय राहिलं? हे राहिलं. मी उद्या नोकरी सोडली, गाव सोडलं, मला कुणी विकत घेतलं, तरी तिथे पाळी लागणार आहे.

पाणी सुटलं त्या सकाळी आम्ही आठ घरांतली माणसं सहाच्या आधीच चारीच्या शेपटाला उभी होतो. खोरी, घमेली, डोक्याला फडकी. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. सहा वाजले, सव्वासहा झाले. चारी कोरडी ठणठणीत. साडेसहाला वरून कोंडीभाऊ चालत आले, हातात घडी केलेला कागद. "वर अण्णांकडची तिन्ही दारं उगडी हायत," म्हणाले. "चला."

आम्ही चारीच्या काठाने वर चालत निघालो. मी आत्तापर्यंत भांडण कागदावर केलं होतं, बांधावर नाही. पण एक एक दार मागे पडत गेलं तसा तिथला माणूस खोरं टाकून आमच्यात येत गेला. कुणी खिशातून यादी काढत होतं, कुणी बंडीतून, एका बाईने पदराच्या गाठीतून. तोंडाशी पोचलो तेव्हा आम्ही पंचवीस-तीस जण होतो आणि त्यांत शेपटाची आठच घरं.

अण्णांचा पुतण्या दारापाशी उभा होता. पाणी त्यांच्या उसात चाललं होतं, सरळ, भरून. "कुनी दिली ही यादी?" त्याने विचारलं. "त्या पोरीनं ना?"

"कोन पोरगी?" कोंडीभाऊ म्हणाले. "माज्या घरात, माज्या मशीनवर, मी काढली. तू बी काढ की. कोन अडवतंय?"

"मी ओतुरात काढली," मागून कुणी तरी बोललं. "मी मेव्हण्याच्या घरी," आणखी एक जण. कोंडीभाऊंनी आपला कागद बांधावर ठेवला, त्यावर ढेकूळ ठेवलं. शेजारी दुसरा कागद आला, तिसरा, सातवा. पुतण्या वाकला. एकेक ओळ बघत गेला, एका कागदावरून दुसऱ्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तीच वेळ, तेच मिनिट. शेवटी तो सरळ उभा राहिला आणि इकडे तिकडे पाहू लागला. त्याला ज्याच्याशी भांडायचं होतं ते माणूस त्याला सापडत नव्हतं.

कोंडीभाऊंनी दुसऱ्या कुणाची वाट न बघता लोखंडी दार खाली ढकललं. मग दुसरं. मग तिसरं. पाणी क्षणभर तटलं, फुगलं आणि चारीत उतरलं.

आम्ही पाण्याबरोबर परत चालत आलो. पाणी घाईने जात नाही, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने जातं. वाटेत कुणाचंही दार उघडं नव्हतं. आपलं दार आलं की तो तो माणूस तिथे बसायचा आणि पाणी समोरून जाताना नुसता बघायचा. आठच्या सुमाराला ते आमच्या भुईमुगात शिरलं. आबांनी धोतर वर खोचलं आणि दारं धरायला उतरले. माती पाणी पिते त्याचा आवाज मी वाफ्याच्या कडेला बसून ऐकत होते आणि रडत होते, आणि ते लपवायचं मला काही कारण वाटलं नाही. आईने माझ्या डोक्यावर पदर टाकला, ऊन लागतंय म्हणाली.

दहा वाजता अण्णा आले. वरपासून खालपर्यंत चालत आले होते, चपला चिखलाने भरलेल्या. बांधावर उभे राहिले. आमच्या वाफ्यात पाणी चमकत होतं, शेजारच्या वाफ्यात जायला लागलं होतं. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "माजी पाळी कवा हाय?"

आबांनी मान वर केली नाही. खोऱ्याने एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं फोडलं.

"परवा दुपारी, दोन वाजून धा मिन्टांनी," ते म्हणाले. "कुनालाबी इचारा."